महाराजांचा चाखणारा

— तेच म्हणतेय मी, हंडा घेऊन जा, मोठी पळी घेऊन जा, मंडळाचे झगे मी शिवलेत ते गाठोड्यात बांधून ठेवलेत, तेही ने, पण मला नेऊ नका. सासऱ्यांना सांग, काकू नाही म्हणाल्या. आता मुद्दाम सुनेला पाठवलंय त्यांनी, नवीन पोरीला काकू नाही म्हणणार नाहीत असं वाटलं असेल — हुशारच आहेत, टायर विकून विकून हुशार झालेत. वर्षभर टायरचं दुकान आणि एक दिवस मंडळाच्या राजेशाही खेळात डोक्यावर मुकुट. आणि त्या एका दिवसात चालतात कसे, पाहशीलच. दुकानातसुद्धा तसेच चालायला लागलेत आता. बस गं, उभी का? त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, आमचे हे नीट करीन, नीट करीन म्हणत राहिले आणि राहूनच गेलं. इकडे बस, ओट्याजवळ. आलीच आहेस तर त्या दिवशीच्या मेजवानीचा रस्सा कसा करायचा तेवढा बघून जा, म्हणजे माझ्यावाचून अडलं असं कुणी म्हणायला नको. हाडं उकळून ठेवलीत सकाळीच. हा कांदा, हे जव, हे मिरे. झालं. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरची नाही — राजेरजवाड्यांच्या काळातल्या स्वैपाक्यानं पाहिलीसुद्धा नव्हती यातली एकही वस्तू, आणि मंडळात कुणी चुकून टोमॅटो आणला की तुझे सासरे देशद्रोही सापडल्यासारखे ओरडतात. आणि मीठ शेवटी. जव शिजले की मग मीठ, हे लक्षात ठेव.

तो आवाज? ते आमचे हे. आतल्या खोलीत. घाबरू नकोस, खोकला आहे नुसता, नळीमुळे होतो — नाकातून नळी आहे ना, तिच्यातनं दूध, भाताची पेज गाळून, औषधं. तोंडात काही नाही. तोंडानं दिलं तर फुप्फुसात जाईल म्हणतात डॉक्टर. नाही, ओळखत नाहीत. मला नाही, लेकीला नाही. तू लग्न होऊन आलीस तेव्हा हे आडवे झालेले होते, नाहीतर पहिल्याच दिवशी तुला हसवून हसवून पोट दुखवलं असतं. वर्षभर घरोघरी पाण्याचे मीटर बघत हिंडणारा माणूस, कुणी दारात उभं करत नाही, कुत्री सोडतात अंगावर — आणि मेजवानीच्या दिवशी तोच माणूस महाराजांचा चाखणारा! आता तुला माहीत नसेल, पूर्वी राजाच्या ताटातलं आधी दुसऱ्यानं खायचं, विषबिष असेल तर तो मरेल, राजा नाही. ते काम ह्यांचं. शिंग वाजलं की आपण सगळे त्या काळातले, परत शिंग वाजेपर्यंत घड्याळ नाही, फोन नाही, चष्मा नाही, खऱ्या नावानं हाक मारायची नाही. मग हे हंड्याशी यायचे, चाखायचे, आणि मग सुरू — डोळे फिरवायचे, कधी गळा धरायचे, कधी कान खाजवायचे, जीभ बाहेर, तिथंच मातीत कोसळायचे, पाय झाडायचे. दीडशे माणूस लोळायचं हसून. मग टुणकन उठायचे, पुन्हा एकदा चाखायचे, पोटावर हात फिरवायचे आणि महाराजांना मुजरा. मग पंगत. पोरं तर रश्श्याला येतच नव्हती गं, ह्यांचं मरण बघायला यायची. आमची लेक तेवढी यायची नाही. लाज वाटायची तिला. दुसऱ्यांचे आईबाप सुट्टीच्या दिवशी झोपतात, बाजारात जातात, आणि माझे झगे घालून मैदानात लोळतात, म्हणायची. म्हणू दे. आता रोज येते, बापाची कूस बदलून जाते, धड बोलत मात्र नाही माझ्याशी.

कसं म्हणजे? तुला सांगितलं असेल की घरी. झटका आला. मंडळातले सगळे तेच सांगतात, मीही तेच सांगते, सोपं पडतं. झटका नव्हता. घास अडकला. भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून तोंडात टाकला आणि तो अडकला, बस, एवढंच. गळा धरला ह्यांनी. दोन्ही हातांनी. डोळे फिरवले. कोसळले. पाय झाडले. आता तूच सांग, लोकांनी काय करायचं? हसले. दरवर्षी हसतात, त्या दिवशी जरा जास्तच हसले, कारण त्या दिवशी फारच छान जमलं होतं. दवाखान्यात काम करणारी एक बाई होती पहिल्याच रांगेत, तीसुद्धा टाळ्या वाजवत होती, नंतर माझे पाय धरून रडली. तुझे सासरे सिंहासनावरून म्हणाले, गेला रे आमचा चाखणारा, दुसरा आणा. त्यांना दोष नाही देत मी. कुणालाच नाही देत. माझी पाठ होती. मी वळले ना हंड्याकडे, पाणी ओतलं तांब्याभर, पिठाचे गोळे सोडले मीठ शोषायला, ढवळलं नीट तळापासून, घाई केली नाही — आणि मग पळी भरून वळले आणि म्हटलं, "उठा आता, पाणी घातलंय."

काय? पाणी कशाला म्हणजे — रस्सा घट्ट झाला होता म्हणून. नाही, गोळे... गोळे मी असेच... अगं तू फार बारकाईनं ऐकतेस बाई. मीठ शोषायला म्हटलं का मी? म्हटलं असेन. जरा गॅस बारीक कर. नको, राहू दे, मीच करते.

बघ, हे घरी जाऊन कुणाला सांगायचं नाही. सासऱ्यांना नाही, नवऱ्याला तर नाहीच, पुरुषांच्या पोटात काही राहत नाही. मला चव लागत नाही. आजची गोष्ट नाही ही — लेक पाळण्यात होती, ताप आला मला, आठवडाभर उतरेना, आणि उतरला तेव्हा वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. दूध उतू जाऊन जळून कोळसा झालं, मी शेजारी बसून लेकीचं झबलं शिवतेय. हे कामावरून आले, खिडक्या उघडल्या, भांडं घासायला टाकलं. जेवायला बसले, पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितलं, संपवलं ताट. दुसऱ्या दिवसापासून रोज जेवणाआधी ओट्याशी यायचे. बघू गं जरा, म्हणायचे, बोट बुडवायचे. हात गळ्याला लावला की मीठ जास्त. कान खाजवला की कमी. पोटावरून हात फिरवला की झालं. लेक म्हणायची, बाबा हावरट आहेत, वाढायच्या आत बोट घालतात. हे हसायचे. अजून तिला माहीत नाही. आणि माझ्या हातची चव बघ गावभर झाली! लोक विचारायचे, काय घालता हो काकू? काय घालते — नवरा घालते.

मग मंडळ निघालं, मेजवानी कुणी करायची म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. एवढ्या हंड्यात ह्यांनी बोट कसं घालायचं, तेही सगळ्यांदेखत? तर ह्यांनीच तुझ्या सासऱ्यांच्या डोक्यात भरवलं की राजाला चाखणारा हवा, त्याशिवाय शोभा नाही. त्यांना काय, शोभा म्हटली की झालं. अगं, ते सगळं मरणबिरण माझ्यासाठी होतं! लोक हसायचे तेवढ्या वेळात मी हंडा सावरून घ्यायचे. कान खाजवला तर मीठ टाकायचे, गळा धरला तर पाणी आणि गोळे. जितका जोरात गळा धरतील तितकं मीठ जास्त. आणि त्या दिवशी दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, अगं बाई, खारट ढोण झालंय आज, अब्रू जातेय. दीडशे माणसांना तो खेळ वाटला तर वाटू दे, त्यांना काय ठाऊक. पण मला खूण ठाऊक होती ना. मी ती खूण वाचली आणि पाठ फिरवली, आणि तेवढ्यात ह्यांच्या मेंदूला हवा कमी पडली. ह्यांच्या वाटीत उरलेला रस्सा बाकी बरोबर होता म्हणे, कुणीतरी नंतर चाखला, पाणी घालायच्या आधीचा. हंड्यातला पाणचट झाला. कुणी जेवलंच नाही अर्थात.

रडू नकोस. मी नाही रडत, तू कशाला. हात उठतो त्यांचा अजून, कधीकधी, गळ्यापर्यंत जातो. डॉक्टर म्हणतात नळी टोचते म्हणून, त्याला अर्थ नाही काही. असेल नसेल. मी मात्र उठून इथं येते आणि आमटीत पाणी घालते. लेक म्हणते, आई, हे काय पाणी करून ठेवलंयस. आणि ताट धुऊन निघून जाते.

काय म्हणालीस? — तू उभी राहशील? माझ्या शेजारी, मेजवानीला? आणि खूण? कान, गळा, पोट, अगदी तसंच? लोळायला नको गं, लोळायचं नाही कुणी, नुसती खूण पुरे. तू खरंच म्हणतेस? अगं, मला... बघ, खोटं कशाला बोलू, हंडा पुढच्या दारात नेऊन ठेवलाय मी तुम्ही येणार म्हणून, पण काल घासला तो चिंचेनं, लख्ख, आणि घासताना मनात काय चाललं होतं ते माझं मला ठाऊक. घरात दुसरं आहे काय मला? नळी, पेज, कूस बदलणं, लेकीची गप्प पाठ. वर्षातनं एक दिवस कुणीतरी म्हणतं, काकू, अजून वाढा. पण एक सांगते. मला जीभ उसनी देणारीनं माझ्याशी खरं बोलायचं. हे कधी माझं मन राखायला खोटं बोलले नाहीत या बाबतीत, एकदासुद्धा नाही, म्हणून तर मी त्यांच्या हातावर डोळे मिटून भरवसा ठेवला. बिघडलं तर बिघडलं म्हणायचं. म्हणशील? मग घे. शिजले जव. ही वाटी, फुंकर मारून घे. मी तुझ्याकडे बघते.

पोटावर हात. खरंच? झालंय? अगदी बरोबर, मीठसुद्धा? — हसतेस काय, मला रडू येईल आता. आणखी घे, पोटभर घे, तिथं तुला... थांब, डबा उचलते, ओट्यावर पसारा झालाय नुसता —

झाकण घट्ट आहे गं मिठाच्या डब्याचं.

बोलता बोलता राहिलंच. मी मीठ घातलंच नाही अजून.

नाही, नाही, तुझं काही चुकलं नाही. माझं सगळं ऐकल्यावर तुला कान कसा खाजवता येईल? दुसऱ्या कुणालाही आला नसता. चांगल्या घरची आहेस, मन मऊ आहे, असू दे तसंच. वाटी ठेव तिथं, मी धुते. हंडा दाराशी आहे, गाठोडं त्याच्यातच ठेव म्हणजे एका हातानं नेता येईल. सासऱ्यांना सांग, काकू नाही म्हणाल्या. एवढंच सांग. आणि जाताना दार ओढून घे, वारं आलं की ह्यांचा खोकला वाढतो.