चारी बाजूंनी पाणी असलेलं लग्न

माझं लग्न बेटावर लागलं, असं सांगितलं की लोक हसतात. पण खरं हाय. धरण झालं तेव्हा आमचं गाव वर हललं, जुनं दगडी चर्च मात्र खाली उंचवट्यावरच राहिलं. धरण भरलं की त्याचं बेट होतं. पणज्यानं त्याचे दगड डोक्यावर वाहिलेले, आज्याचं आणि बापाचं लग्न तिथंच लागलेलं. मी म्हणलं, माझंबी तिथंच.

लग्नाच्या दिवशी सासरे बीडहून वऱ्हाड घेऊन आले आणि काठावर पाणी बघून थबकले.

"जावईबापू, बीडात हॉल बघू. माझ्या पोरीला मी पाण्यात उतरवणार न्हाई."

मला लग्न मोडतंय असंच वाटलं. तेवढ्यात रूथनं, म्हणजे नवरीनं, शालू खोचला आणि शंकर भोयाच्या नावेत जाऊन बसली आणि बापाला म्हणाली,

"दादा, तुमी येताव का मी एकलीच जाऊ?"

सासऱ्यांनी नावेत बसून डोळे मिटले, ते चर्चच्या पायरीला नाव लागल्यावरच उघडले. फादर आधीच्या खेपेला पोचले होते. लग्न लागलं. आमच्यात नंतर नवरदेव घंटा वाजवतो, पण दोर सासऱ्यांनीच धरला आणि सोडेचनात.

"मामा, बास करा आता," मी म्हणलं.

"थांबा की. पल्याड अर्धं वऱ्हाड उभं हाय. त्यांना कळू द्या, आमच्या लेकीचं लग्न कुठं लागलं."