सगळ्यात भारी तेल

मंडळी, एक सांगा. जीव ओतून प्रेम केलं, आणि त्या प्रेमानंच घात केला, तर दोष कुणाचा? नुसत्या माना हलवू नका — ऐका!

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला नारबा शेलार राहायचा. त्याची डिझेल जीप अठरा वर्षांची! आठवड्यातून दोनदा शेजारच्या गोदाकाकूंना घेऊन तो घाट चढायचा — कराडला, डायलिसिसला. काकूंची मूत्रपिंडं निकामी. मशीनवर रक्त शुद्ध झालं, तर पुढचे तीन दिवस आपले!

आणि जीपवर प्रेम? विचारू नका! बायकोला कधी गजरा आणला नाही, पण जीपला दर गुरुवारी झेंडूचा हार! (बायका हसताहेत — म्हणजे घरोघरी हेच आहे!)

एकदा पुण्याहून जावई आला, नवी कोरी गाडी घेऊन. तिच्या इंजिनात तेल कसलं? पाण्यासारखं पातळ! डबा चकचकीत, किंमत ऐकूनच घाम फुटावा अशी. नारबाच्या मनानं घेतलं — माझ्या जीपलाही हेच! डबा घेऊन गेला युनूस मेस्त्रीकडे.

मेस्त्रीनं डबा फिरवून वाचला. "नारबा, तेल चांगलंय. पण तुझ्या गाडीचं नव्हे. तुझं इंजिन झिजलंय, आत फटी पडल्यात. त्यात तू घाट चढणार, भरल्या गाडीनं. तापलं की हे आणखी पातळ होणार, दाब टिकणार नाही. तुला जाडच हवं."

"तुमच्याकडचं खपवायचंय, म्हणून सांगताय!"

अहो, काय हा शब्द! वीस वर्षांच्या दोस्ताला! मेस्त्रीनं डबा त्याच्या हातात परत दिला. नारबानं घरी अंगणातच तेल बदललं.

मंगळवारी निघाले. अर्धा घाट चढला, आणि समोर लाल दिवा लागला!

"नारबा, हे लाल काय रे?"

"वायर सैल असेल, काकू."

वायर! इंजिनाला तेल पोचत नाही म्हणून ते जीव तोडून ओरडतंय, आणि हा म्हणतो वायर! तिथंच गाडी बंद केली असती तरी वाचली असती. पण नाही — आणखी दोन वळणं! टक्... टक्... टक्... आणि खाड्!

सगळं शांत.

नारबानं चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही! मोबाईलला रेंज नाही. मागं काकूंचे पाय सुजलेले, धाप लागलेली. नारबा खाली उतरून रस्त्याकडं डोळे लावून उभा! शेवटी खालून एसटी आली. तो रस्त्यात आडवाच उभा राहिला. कंडक्टरनं काकूंना हात देऊन वर घेतलं. आणि त्या माउलीनं खिडकीतून काय सांगावं? "आधी पाणी पी रे. चेहरा बघ तुझा!"

काकू दोन तास उशिरा पोचल्या, पण पोचल्या. वाचल्या!

संध्याकाळी जीप ओढून आणली. मेस्त्रीनं खालचं तेल परातीत काढलं. नारबा वाकून बघतो तर तेल चमचम करतंय — चांदीचा भुगा पडावा तसं!

"मेस्त्री, हे काय?"

"तुझं इंजिन."

मेस्त्रीनं डॅशबोर्डाच्या कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं. मंडळी, त्यावरचं प्लास्टिक अजून फाडलेलं नव्हतं! अठरा वर्षं! हार घातले, आरत्या ओवाळल्या — पण तिला काय लागतं, ते एकदाही वाचलं नाही! मेस्त्रीनं पान उघडून पुढं धरलं. तिथं छापलं होतं — घाटात, वजन घेऊन चालवत असाल, तर अमुक जाडीचं तेल.

"मी तर सगळ्यात भारी घातलं होतं..."

"कुणासाठी भारी, नारबा?"

नारबानं त्याचे तेलकट हात धरले. "मी नको ते बोललो, युनूसभाई." आणि माणूस ढसाढसा रडला.

बसलात ना सुन्न? बसा! घरी आईला दात नाहीत, आणि तुम्ही तिला भारीतले काजू आणता! पोराला भारीतल्या शाळेत घालता, आणि त्याला रोज रात्री ताप भरतो! कधी शेजारी बसून विचारलंत — बाळा, तुला काय मानवतं? आई, तुला काय हवं? नाही ना? मग देवापुढं हात नंतर जोडा. आधी घरी जा. विचारा! आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. तेच आजचं नामस्मरण — रामकृष्णहरी!