पडद्याआडनं सारामावशी बोलली

माझा जन्म गडहिंग्लजचा. वडील कोकणातनं सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आलते. आम्ही बेने इस्राएल, म्हंजे ज्यू, पर तिथं कुणाला ठावं ते, मास्तर मला खिरिस्ताव समजायचा, पोरं मुसलमान म्हणायची, मी म्हणायचो म्हणा काय म्हणायचं ते. पुढं कोल्हापुरात लेथवर काम लागलं, पेणची रिबेका बायको आली, आणि हितं आमच्या लोकांची सात घरं व्हती, मोजून अकरा बाप्ये. आमच्यात धा बाप्ये जमल्याबिगर मोठी प्रार्थना व्हत न्हाय बगा, मेलेल्या आईबापासाठी कद्दीश म्हणत्यात ती बी न्हाय. आमची मशीद, व्हय, आमची जुनी माणसं मशीदच म्हणायची, ती म्हंजे एका घराची भाड्याची माडी. खाली दस्तगीर टेलर, तो हसायचा, म्हणायचा डोक्यावर बी मशीद, म्होरल्या गल्लीत बी मशीद, आता मी चुकतोय कुठनं.

प्रार्थना सांगणारा म्हातारा हज्जान इस्राएलला गेला, मागं आम्ही मोजून धा उरलो, आणि जाताना तो मला म्हणाला, आता तू. गळा बरा व्हता माझा, हिब्रू वडलांनी शिकवलेली. लोक रब्बी म्हणाय लागली. रब्बी व्हायला केवढं शिकावं लागतं, मी लेथवरचा माणूस, पर लागली म्हणाय. आणि रब्बी म्हणलं की सणाला चार शब्द बोलायला पायजेत, तिथं काय सांगू तुम्हाला, माझी जीभ टाळ्याला चिकटायची. गायला सांगा, दिवसभर गातो. बोलायचं म्हणलं की घाम. पहिल्या वर्षी महिनाभर बसून वीस पानं लिहिली, सगळी छापील मराठी, मानवजात आणि परमेश्वराची करुणा, आणि डोकं वर न करता वाचली. संपल्यावर बघतो तर तिघं झोपल्यात. घरी येताना रिबेका म्हणाली, चांगलं होतं हो, पण तुम्ही सांगत होता कुणाला?

आमच्या धामधी दोघं सख्खे भाऊ व्हते. आरोन थोरला, हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर, आणि याकोब एस्टीत ड्रायव्हर, चंदगडच्या गाडीवर. आरोननं इस्राएलला जायचं ठरवलं, बायकापोरं घेऊन आणि आईला, सारामावशीला बी घेऊन. याकोब म्हणाला आई हितनं हलणार न्हाय. आरोन म्हणाला थोरला मी हाय. याकोब म्हणाला आजारपणात उशाला कोण बसलं ते बी सांग की. पेटलं. पाच महिने तोंड बघितलं न्हाय एकमेकांचं, आणि याकोबनं शनिवारच्या प्रार्थनेला यायचं सोडलं. धाचे नऊ झाले. आम्ही जिन्याकडं बघत बसायचो, आणि मग नऊजणात जेवढं चालतं तेवढं म्हणून उठायचो. त्याच वर्षी माझी आई वारलेली. तिची कद्दीश मला म्हणता येईना. ते लई लागायचं मनाला, कुणाजवळ बोलायचो न्हाय पर.

मग दारफळणीचा सण आला. त्या दिवशी आमचा कडक उपास, पाण्याचा थेंब न्हाय, वर्षभराची माफी मागायची, देवाची आणि देवाच्या आधी माणसांची. आदल्या दिवशी मी याकोबकडं गेलो, म्हणलं भावासाठी नको, माझ्या आईसाठी ये. आला. पर दाराजवळ बसला, आरोनकडं पाठ करून.

बोलायची वेळ झाली. खिशात बारा पानं व्हती, क्षमेवर लिहिलेली. काढली, समोर ती पाठ बघितली आणि पानं परत खिशात घातली. म्हणलं आरोन, याकोब, पाच महिने भांडतायसा, सारामावशीला कुणी इचारलंय काय? बस, एवढंच. आरोन म्हणाला हे हितं बोलायचं न्हवं. म्हणलं मग कुठं?

आणि बायका बसायच्या त्या पडद्याआडनं त्यांच्या आईचा, सारामावशीचा आवाज आला, खाली टेलरला ऐकू गेला असणार. मला कुणी इचारलं न्हाय! मला जायाचंय. तिथं माझी भण हाय, किती वर्सं झाली तिला बघून. आरोनसंगं जाती, आणि न्हाय करमलं तर याकोबा, तू मला आणाय यायचं. येशील का न्हाय, तेवढं आत्ता सांग.

याकोब उठला. मला वाटलं आता निघाला जिन्यानं. तर गडी पडद्याजवळ गेला आणि रडाय लागला, येतो गं आई, म्हणाला, येतो. आरोननं खांद्यावर हात ठेवला, त्यानं झटकला, परत ठेवला, मग ऱ्हाऊ दिला. मी कद्दीश म्हणली. सगळ्यांनी आमेन म्हणलं. छातीवरचा धोंडा उतरला बगा. सांजचं उपास सुटला तवा टेलरनं सरबताची कळशी वर पाठवली, आणि दोघं भाऊ एकाच तांब्यानं पीत व्हते.

आता खरं सांगतो, मला आतनं वाटत व्हतं मावशी नको म्हणावी आणि आरोन बी ऱ्हावा. माझ्याच बोलण्यानं माझा धावा माणूस गेला. पर वाईट न्हाय वाटलं. जाताना स्टेशनावर ट्रंका याकोबनंच उचलल्या. मावशीला तिथं करमलं, आणाय जावं लागलंच न्हाय, आणि याकोबला आरोनची पत्रं येत्यात.

पुढं एकेक घर गेलं. आता आम्ही चौघं बाप्ये. माडी सोडली, शनिवारी माझ्याच घरी बसतो, मोठ्या सणाला पुण्याला जातो, तिथं बोला म्हणत्यात, बोलतो पाच मिनटं, कागदाबिगर. गेल्या महिन्यात रिबेकाचं मोठं ऑपरेशन नीट पार पडलं, म्हणून एलियाहू नबीच्या नावानं मलिदा केला, पोहे, खोबरं, साखर, फळं. आमची माणसं मूठभर, बाकी सगळी गल्ली. प्रार्थना झाली, मग सगळी माझ्याकडं बघाय लागली, आता रब्बी काय सांगतोय म्हणून. मी म्हणलं, बायको बरी झाली माझी, खावा पोटभर. दुसरं सांगायचं व्हतंच काय?