चार पट्ट्या पाणी

"हॅलो? भाऊजी, मी तुलाराम. तलाव आटला… नाही, नाही, काही नाही आटलं. कोण म्हणलं? तुम्ही बरे आहात ना? आमची बाई बरी आहे?"

पवनीच्या पोस्टात उभ्या तुलारामने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. ट्रंककॉल तीन मिनिटांचा. भाऊजी, म्हणजे बाईचा, थोरल्या बहिणीचा नवरा, भंडाऱ्याला, पाण्याची कागदपत्रं जातात त्या ऑफिसात शिपाई.

"हो जी, टँकरचंच इचारून राहिलो… मंजूर झाला? वा! कधी? उद्या? … रिकामा काहून येऊन राहिला? … भरायले? आमच्या तलावातून?"

तुलाराम खुर्चीवर बसायला गेला. खुर्ची नव्हती, म्हणून उभाच राहिला.

"हो, हो… ऐका ना, भाऊजी. कागदावर चार पट्ट्या पाणी आहे, मले माहीत आहे. मच्छी सोसायटीचा सेक्रेटरी मीच, कागद मीच लिहितो. दर सोमवारी तलावातल्या मापाच्या दगडाच्या किती पट्ट्या बुडाल्या ते पाहून… दगड खोटं बोलत नाही, बरोबर. दगड फक्त चालतो… चालतो म्हणजे, मी नेतो. डोंगा वल्हवत."

"ओरडू नका जी… कातिकात धान दाण्यावर आला होता. गावचा कायदा तुम्हाले माहीत आहे. चौथी पट्टी उघडी पडली का तुडूमाचं दार बंद, शेताले पाणी नाही. उरलं ते मासळीचं, ढोरांचं अन् माणसाचं. सेवकराम पाटील हात जोडून आला, म्हणे आठच दिवस. मी म्हणलो, कायदा मोडणार नाही. म्हणून दगड हातभर खोल नेला. चारही पट्ट्या बुडाल्या. कायदा शाबूत."

"मग? मग आणखी आठ दिवस. आमचाही अर्धा एकर होता ना त्याच पाण्यावर… हो, पिकला. तांदूळ चांगला निघाला. शिजवायले पाणी नाही, बाकी चांगला."

"मग एकदम कमी कसं लिहू? साहेब इचारतील, पाणी कुठं गेलं. म्हणून पाणी खाली, दगड खाली, पाणी खाली, दगड खाली… आता तो मधल्या डबऱ्यात पोहोचला. त्याच्या खाली तलावच नाही, भाऊजी."

"मासळी मेली… विहिरीले तलावाचाच झरा होता ना. माय पहाटेपासून विहिरीत उतरून बसते. पासष्टाव्या वर्षी. वाटीनं पाणी घेते, दुपारपर्यंत एक पितळी गुंड भरतो… बाईले सांगू नका."

"नदी? सहा मैल. काल बंडीवर टिपाड नेलं. येता येता अर्धं बैलांनीच पिलं… हसू नका जी, मीही हसलो नाही."

"तेच म्हणून राहिलो! सारं गाव त्या डबऱ्यावर पिते. टँकरनं एकदा पाइप टाकला का संपलं. थांबवा ना त्याले. ड्रायव्हर ओळखीचा असन… नाही? कोणाले देता फोन? साहेबाले? नका देऊ, भाऊजी, नका… हॅलो?"

तुलारामने शर्टाचं वरचं बटण लावलं.

"नमस्कार साहेब… हो साहेब, दर सोमवारी अहवाल पाठवणारा मीच… जिल्ह्यात पाणी टिकलेला एकच तलाव? … सहा महिने पाणी हललं नाही, खरं आहे… बक्षीस? नको साहेब. साहेब, ते पाणी नाही आहे… म्हणजे दगड आहे. पाणी नाही. दगड मी हलवला, मीच… लेखी द्या म्हणता? फोनवरच घ्या ना लिहून, टँकर उद्या सकाळी… हॅलो? साहेब?"

पोस्टमास्तरांनी तीन बोटं दाखवली. पलीकडे नुसती खरखर होती. तुलारामने रिसीव्हर सोडला नाही. घसा खाकरून तो खरखरीलाच सांगू लागला.

"अर्ज. दिनांक चौदा मे, एकोणीसशे चौऱ्याऐंशी. सदर तलावात गेले सहा महिने चार पट्ट्या पाणी असल्याची नोंद आपल्या दप्तरी आहे. तरी नोंदीप्रमाणे ते पाणी मागील कार्तिकापासून मंजूर करून, उद्या टँकर पोहोचण्यापूर्वी तलावात हजर ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती."