उस्तादांची पसंती

— नाही नाही, तुम्ही नका ओतू भाऊजी, द्या इकडे. तुम्ही ओतता म्हणजे झाडाला पाणी घालता. एवढीशी पुरे, चाखायचीय, अंघोळ नाही करायची. बसा. टेबलावरची एक खुर्ची घ्या खाली, बार उघडायला वेळ आहे अजून. आणि त्या टेम्पोवाल्याला ओरडून सांगा, इंजिन बंद कर म्हणावं, सगळा धूर आत येतोय — अशात नाकाला काय कळणार? आणि मी हो म्हणेपर्यंत एकही खोका खाली उतरायचा नाही, हेही सांगा. सांगितलंत? बरं. आता बोलू नका थोडा वेळ. तुम्ही बोललात की मला तुमच्या तोंडाची सुपारी आधी लागते.

रंग छान आहे. रंगाचं काय, रंग कुणालाही आणता येतो. टकीला जन्मतः पाण्यासारखी असते, हे ठाऊक असेलच तुम्हाला, विकायलाच निघालात म्हणजे. घायपातासारखं एक झाड असतं, त्याचा गड्डा भाजायचा, रस काढून आंबवायचा, मग गाळायचा — आणि ही तुम्ही आणलीत तसली असेल, तर काही महिने लाकडी पिपात निवांत ठेवायची. लाकूड तिला थोडा रंग देतं, थोडा वास देतं, तिचा तिखटपणा जरा खाली बसवतं. झालं, एवढंच. आता बघा हिच्याकडे. पिपात राहून आलेली वाटते? मला तर पिपाला दारातूनच नमस्कार करून आलेली दिसते. वास घेते थांबा — तोंड थोडं उघडं ठेवून घ्यायचा, नाहीतर नुसता झणका बसतो. हं. पहिल्यांदा बरी आहे. खोटं कशाला बोलू? भाजल्याचा वास आहे, मागे किंचित मिरी आहे, आणि — शी! शी शी! आला व्हॅनिला! ओतलाय हो, बादलीने ओतलाय! लाकडातून व्हॅनिला येतो ना, तो कसा येतो सांगू? शेजारच्या घरात कुणीतरी काहीतरी गोड करतंय आणि आपली खिडकी उघडी आहे, असा येतो. हा तर शेजारीण केक घेऊन आत घुसली आणि तोंडावर थापून गेली!

घोट घेते. ती बादली सरकवा जरा. — थू. — थू! पाणी द्या. अहो, काय आहे हे? आधी साखर, शेवटी झोंबणं, आणि मधे? मधे काही नाहीच. मधलं सगळं कुणीतरी उचलून नेलंय. जिभेवर साय धरल्यासारखी बसलीय नुसती. हात पुढे करा. अहो, मारत नाही, तळहात द्या. हा एक थेंब टाकला, चोळा दोन्ही हात. वाळू दे. आता मुठी मिटा-उघडा. काय होतंय? चिकटतायत ना? खरी असती तर उडून गेली असती, हात कोरडे झाले असते. ही लहान मुलाच्या गालासारखी चिकटतेय. — नाही हो, स्वस्त आहे म्हणून नाक नाही मुरडत मी. ती निळ्या झाकणाची दिसते? हिच्याच किमतीची आहे. किती वर्षं ठेवतेय मी. साधी आहे, थोडी खरखरीत आहे, पण पहिल्या घोटाला जे सांगते तेच शेवटच्या घोटाला सांगते. स्वस्त असण्यात वाईट काय? पण अंगभर अत्तर चोपडून यायचं आणि वर 'पिपात मुरले' म्हणायचं? कुणाला शेंडी लावताय?

आणि हे लेबल. मघापासून मी बाटली अशी वळवून धरलीय, कळलं नसेल तुम्हाला. तुमच्या भावाचं तोंड. वर्षसुद्धा नाही झालं त्यांना जाऊन आणि तुम्ही त्यांना बाटलीवर बसवलंत! खाली काय, तर 'उस्तादांची पसंती'. म्हणजे ज्या माणसाला सगळ्या गावातले बारवाले उस्ताद म्हणायचे, कंपन्यांची माणसं आपली बाटली घेऊन आधी इथे यायची, उस्ताद हो म्हणाले की मग बाकीचे ती डोळे झाकून विकत घ्यायचे — त्यांचं नाव या गोड चिखलावर? वहिनी ठेवेल फळीवर, मग सगळे ठेवतील, असं ठरवून आलात ना? नोकरी सोडून आलात, तेही ऐकलंय मी. पण म्हणून वाट्टेल ते छापायचं? अहो, उस्तादांनी ही पसंत केली असती? उस्तादांना टकीला कुठली आणि काकवी कुठली —

काही नाही. काही नाही म्हटलं ना. तुम्ही पाणी प्या. — असं बघू नका. बरं. निघालंच आहे तोंडातून तर ऐका आणि इथेच विसरा. त्यांना जीभ नव्हती हो. म्हणजे होती, बोलायला होती, चांगली गजभर होती. चवीला नव्हती. नवा बार काढला तेव्हा त्यांनी स्वतः एक निवडली, ती गिऱ्हाइकं टेबलाखाली ओतायची, मला पुसायला लागायची. तेव्हापासून मीच चाखते. पण बाई चाखते आणि थुंकते, हे कुणाला आवडणार? म्हणून मग आम्ही असं केलं — कंपनीचा माणूस आला की हे त्याला पुढे बसवायचे, गप्पांत घालायचे, मी ग्लास भरून आणते म्हणून बाटली मागे न्यायची, मोरीत चाखून थुंकायची, आणि ट्रे बाहेर पाठवायचा. टकीलात थेंबभर पाणी घालायला म्हणून चमचा असतो ना — चमचा पाण्याच्या ग्लासात उभा असला तर घ्या. चमचाच नसला तर नको. मग हे डोळे मिटायचे, मान मागे टाकायचे, आणि असं काही बोलायचे की पुढचा माणूस गार. एकदा मला सर्दी झाली. काही कळेना. मी चमचा ग्लासावर आडवा ठेवून पाठवला, म्हणजे याला उद्या बोलवा. यांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटले, आणि म्हणाले, "ही जरा आडवी जाते." त्या माणसाने मान डोलवली! मग काय, महिन्याभरात सगळ्या बारमध्ये सुरू — अमकी आडवी जाते, तमकी आडवी जात नाही. अजून बोलतात. मी ग्लास विसळत ऐकत असते. मला कधी वाईट नाही वाटलं त्याचं. डोळे मिटायला ते, चाखायला मी. आमचं जमलेलं होतं ते. त्यांचा माझ्या जिभेवर किती विश्वास, घोट घ्यायच्या आधीच —

हसताय काय? — काय? ठाऊक होतं? तुम्हाला? कुणी सांगितलं? — त्यांनी? त्यांनी स्वतः? चमच्याचंसुद्धा? कमाल आहे. मला शपथ घातली होती, कुणाला बोलायचं नाही म्हणून, आणि स्वतः — कुठे पण? कधी सांगितलं? — रविवारी. रविवारी तर ते तुमच्याकडे पत्ते खेळायला यायचे. हो, पत्ते खेळता खेळता घोटभर होत असेल, तेवढं मला कळत होतं, मी काही खुळी नाही. — कुठली घोटभर? — ही? हीच? थांबा, थांबा. म्हणजे ही तुम्ही नाही शोधलीत. — दर रविवारी? ते स्वतः पिशवीतून घेऊन यायचे?

शी. काय माणूस आहे. अहो, मी विचारायची ना, गोडसर वास कसला येतोय हो शर्टाला? तर म्हणायचे, धाकट्याच्या पोरीने केक केला होता. आणि मी म्हणायची, पोरगी शिकतेय हळूहळू, छान आहे. या नाकाने! उभ्या गावाच्या बाटल्या या नाकाने पारखल्या आणि हे नाक म्हणतंय, पोरगी छान शिकतेय! आणि होती तरी कशी ही? गोड, चिकट, पोटात काही नाही. निदान जरा बरी तरी शोधायची. — मग माझ्या? मी निवडलेल्यांना काय म्हणायचे? सांगा ना. आता लाजताय कशाला, इतकं सांगितलंत तर. — काय चघळल्यासारखी? पेन्सिल? अहो, लाकूड असतं ते! पिपाचं लाकूड! त्यासाठीच तर माणसं येतात इथे, त्यासाठीच — पेन्सिल म्हणे. इतकी वर्षं रोज गिऱ्हाइकांसमोर पेन्सिल चघळली आणि डोळे मिटून 'वा' म्हटलं. मला एका शब्दाने नाही सांगितलं. मी बदलली असती का? — नसती बदलली. बरोबर आहे. कशी बदलणार? चांगलं होतं ते.

नाही भाऊजी. खोके परत न्या. लेबल खोटं आहे असं मी म्हणत होते, ते मागे घेते. खरं आहे लेबल, अगदी खरं आहे. पण म्हणून बाटलीतलं बदललं का? मघाशी वाईट होती ती आता त्यांना आवडायची म्हणून चांगली झाली? या फळीवर आहे ते सगळं मी निवडलेलं आहे, आता तर डोळे मिटायलाही कुणी नाही, तेव्हा सरळ मीच सांगणार, ज्याला ऐकायचं तो ऐकेल. तुम्ही दुसरीकडे विका. जाईल, गोड आहे, जाईल. मी कुणाला वाईट सांगणार नाही, विचारलं तर आडवी जाते म्हणेन फार तर. आणि फोटो — हे खांद्यावर काय आहे त्यांच्या? बघा नीट. बोटं आहेत. माझी बोटं आहेत ती, मला कापलीत आणि बोटं ठेवलीत होय? ती काढा. पुढच्या वेळी छापाल तेव्हा नीट कापा, माझा हात नको हिच्यावर.

बसा, एक मिनिट. एक विचारायचंय. ही पिताना ते कसे असायचे हो? म्हणजे इथे तर ग्लास हातात आला की असे व्हायचे, डॉक्टरने नाडी धरावी तसे. तुमच्याकडे? — गाणं? कोण, हे? गाणं म्हणायचे? मोठ्याने? — आमच्या घरात तर कधी गुणगुणलेसुद्धा नाहीत. मी म्हटलं, आवाजच नाही माणसाला. — रोज म्हणायचे? रोज नाही हो, दर रविवारी म्हणालात तुम्ही. दर रविवारी. कुठलं म्हणायचे? — नको. नको, म्हणून नका दाखवू. नको म्हटलं ना भाऊजी! — उठा तुम्ही. उठा. मला बार उघडायचाय.