कुंदाबाईंच्या तिळाचा रिपोर्ट

गोंदियातल्या चामडीच्या डॉक्टरकडे रीता आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारी चिचगडहून आलेल्या कुंदाबाई आणि नर्सिंग शिकणारी त्यांची मुलगी प्राची होत्या. कुंदाबाईंच्या पाठीवरचा तीळ काढून तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आताच प्राचीच्या हाती आला होता.

"वाच ना वो. काऊन चूप झाली?"

"वाचून राहिली ना, माय. कॅन्सर नाही, असं लिहिलं आहे."

"मंग तुहं तोंड काऊन उतरलं?"

"तिळातल्या पेशी जराशा वेगळ्या दिसल्या. त्यातल्या थोड्या कापलेल्या जागेच्या कडेला राहून गेल्या."

"म्हणजे कॅन्सरच आहे."

"नाही वो!"

"मंग डॉक्टर अजून कापू कायले म्हणते?"

"पुढं चालून बिघडू नाही म्हणून. जराशी कड काढतील, टाके घालतील."

"माह्या डोक्यावर हात ठेवून सांग."

रीतानं मोबाईलवरून नजर उचलली नाही.

"नाही, माय. कॅन्सर नाही."

"बरं. मंग कापू दे त्यायले."

"हो."

"अन् तुह्या खांद्यावरचा तीळ?"

"तो तर लहानपणापासून आहे."

"माहा बी लहानपणापासूनच होता. मोठा होऊन राहिला काय तुहा?"

प्राचीनं ओढणी खांद्यावर ओढून घेतली.

"पोरी, मी विचारून राहिली."

"थोडासा. मले भेव लागून राहिलं, माय."

"मले बी लागून राहिलं. चाल, ऊठ."

रीतानं पाय आत घेतले. कुंदाबाईंनी मुलीचा हात धरला आणि काउंटरवर जाऊन तिचं नाव लिहायला सांगितलं.