गिअरबॉक्स छातीवर

नाही नाही, पोटावर नको, छातीवर घ्या — वर सरका, अजून, डोकं पुढच्या चाकाकडं — हां. आता दोन्ही हात खालून. दचकू नका, पडत नाही, जॅक काढेपर्यंत मी धरलाय. पस्तीस किलो आहे, फार नाही, बसचा असता तर तुमच्या बरगड्या मोजत बसावं लागलं असतं. घेतला? श्वास घेता येतोय ना? येतोय, मग झालं. शर्टाचं वाईट वाटून घेऊ नका जावईबापू, इस्त्रीचा शर्ट घालून सासऱ्याच्या गॅरेजमध्ये शिरायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं — आलात बायकोला न्यायला, मी म्हटलं आलाच आहात तर जरा हात लावा, दहा मिनिटांचं काम आहे. दहा नाही, तासाभराचं आहे. पण माझ्या एकट्याच्यानं होत नाही. उतरवताना जॅकवर घेऊन एकट्यानं उतरवला, चढवायला मात्र दोन माणसं लागतात — एक खालून तोलून धरणारा आणि एक तोंडाशी तोंड लावून देणारा. शेजारचे शिंपी मागच्या खेपेला आले होते, तेव्हापासून त्यांची कंबर धरलीय, आता मला बघितलं की ते खिडकी लावून घेतात.

हलू नका. काय करायचंय ते सांगतो — गिअरबॉक्सच्या तोंडातून ही जी दांडी बाहेर आलीय ना, तिच्यावर खाचा आहेत, आणि ती तिकडं इंजिनाला लावलेल्या क्लच प्लेटच्या मधल्या भोकात जायची. त्या भोकालाही खाचा. खाचेत खाच बसली की सरकन आत जातो, नाही बसली तर तुम्ही आणि मी संध्याकाळपर्यंत इथंच. ढकलायचं मात्र नाही. ढकललं की प्लेट वाकते, मग पुन्हा पहिल्यापासून. मी मागच्या टोकाकडून दांडी कणाकणानं फिरवतो, तुम्ही नुसतं उचलून धरा. बोलू नका म्हणणार होतो, पण ते तुम्हाला सांगायची गरज नाही. फाटकातून आल्यापासून तुम्ही तीन शब्द बोललात — 'ती आहे का?' — आणि मी म्हटलं, आधी हे धरा. सासूबाईंनी वरच्या खिडकीतून बघितलंय तुम्हाला, पण त्या खाली यायच्या नाहीत.

जरा डावीकडं. तुमची डावी. शी, हात बघा माझा — हे काळं ग्रीस नाही बरं का, ग्रीस असतं तर मला काही वाटलं नसतं, चाळीस वर्षं बस डेपोत काढलीत, ग्रीसनं माखलेल्या हातानं डबा खाल्लाय. हा चिकटा आहे. ह्या गाडीचा आधीचा मालक, दातांचा डॉक्टर होता म्हणे, त्यानं तेल गळतं म्हणून न्हाणीघरात फरशांच्या फटीत भरतात तो पांढरा लगदा भरला होता इथं, तोच तेल पिऊन काळा झालाय. दुसरा गिअर सटकायचा, तर काय केलं माहितीये? गिअरच्या दांड्याला सायकलची ट्यूब बांधली आणि ती सीटखाली अडकवली. गिअरबॉक्सच्या बुडाखालचं रबर फाटलं तर तिथं चपलेचा तुकडा कापून घातला. आणि वरून लाल रंग, असा की तोंड बघून घ्यावं. लोक रस्त्यात थांबून म्हणतात काय देखणी गाडी, दोन सीटची, जुन्या जमान्यातली — म्हणावं खालून या, खालून बघा. मला किळस येते अशा हातांची. काम येत नाही ह्यात कमीपणा नाही, शिकता येतं. पण वर इस्त्री आणि खाली चिंध्या — तुम्हाला नाही म्हटलं, डॉक्टरला म्हटलं.

थांबा, दांडी फिरतेय नुसती, आत जात नाहीये. दमलात? दमा. सहा आठवडे आराम केलाय तुम्ही. सहा आठवड्यांत एक फोन नाही, आज रविवार बघून उगवलात.

ती आली तेव्हा हाच गिअरबॉक्स जेवणाच्या टेबलावर होता, पोट फाडून ठेवलेला, खाली वर्तमानपत्रं. दुसऱ्या गिअरचं पितळी कडं पार गुळगुळीत झालं होतं, ते बदलत होतो. तुमच्या सासूबाई माझ्या नावानं खडे फोडत मांडीवर ताट घेऊन जेवायच्या. आणि ही दारात उभी, एक बॅग घेऊन. आईनं विचारलं, किती दिवस? म्हणाली, बघू. मग हात धुतले, माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हणाली, बाबा, सुया मी लावते. सुया म्हणजे हे आतले बारीक रूळ हो, बावीस असतात, ग्रीसनं एकेक चिकटवून बसवायचे, एक पडला की रांगच्या रांग खाली. लहानपणापासून हे काम तिचंच, माझी बोटं जाड. नववीत होती तेव्हा डेपोत येऊन फोरमनला सांगून गेली होती की तुमचा फलक चुकीचा लिहिलाय, म्हणजे मलाच, मीच फोरमन होतो. सगळा डेपो हसला. मी घरी येऊन जेवलो नव्हतो त्या दिवशी.

तर चौथ्या दिवशी, मान वर न करता, सुया लावता लावता म्हणाली, तो बोलत नाही. मी म्हटलं, कोण? म्हणाली, तो. फेब्रुवारीपासून. तुमच्या हापिसातली माणसं जेवायला आली होती, तुम्ही कसला तरी आकडा चुकीचा सांगितलात आणि हिनं तो सगळ्यांदेखत सुधारला — एवढंच ना? एवढंच. तेव्हापासून ताट वाढलं की जेवायचं आणि उठायचं. मीठ हवं असलं तर स्वतः उठून घ्यायचं, पण मागायचं नाही. गॅसवाला येणार असला की फ्रिजवर चिठ्ठी लावायची. स्वतःच्या आईशी फोनवर खिदळायचं आणि ही खोलीत आली की आवाज बंद. सात महिने. अरे, कसं जमतं तुला — तुम्हाला? मला तर ढेकर आला तरी बोलून दाखवावा लागतो. शी. ऐकताना अंगावर पाल पडल्यासारखं झालं मला. म्हणजे, आत्ता होतं. तेव्हा मी काय म्हटलं सांगू? म्हटलं, एकवीसच झाल्या, बाविसावी कुठंय?

होती तिच्याच चपलेला चिकटलेली.

उचला जरा, नाक खाली गेलंय. हां, असं. पण खरं सांगू का, ते आठवडे बरे गेले. ती मला सामान देत होती, मी तिला शिव्या देत होतो, तिसऱ्या आठवड्यात एकदा मोठ्यानं हसली, तुमच्या सासूबाई स्वयंपाकघरातून बघायला आल्या की आवाज कुणाचा. मग प्लेट बसवायची वेळ आली. क्लच प्लेटला दोन बाजू असतात, मधला फुगवटा एका बाजूला जास्त, तो गिअरबॉक्सकडं हवा. माझ्या हाताला चाळीस वर्षं बसची सवय, तिथं ज्या प्लेटा होत्या त्या उलट बसायच्या, मी न बघता लावली. ही मागं उभी होती. म्हणाली, बाबा, ती उलटी नाही का? तिच्यावर लिहिलंय बघा. मी म्हटलं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी क्लच बदलतोय. ह्या गुरुवारी सकाळी शिंप्यांना बोलावून गिअरबॉक्स चढवला, बोल्ट आवळले, इंजिन चालू केलं, पाय दाबला — क्लच सुटेचना. गिअर टाकायला गेलो तर दात असे करकरले की शिंपी कंबर धरून उठले आणि घरी गेले.

उलटीच होती. अख्खं परत उतरवायचं.

ती पायरीवर उभी होती. 'मी सांगितलं होतं' असं म्हणाली नाही हो, म्हणाली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, बाबा, मी कपडे बदलून येते, दोघं मिळून उतरवू. आणि मी — मी बोललो काहीतरी. बोलतो माणूस रागात. तुम्ही धरा नीट, तुम्हाला काय करायचंय मी काय बोललो ते.

तेव्हापासून तुमच्या सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, आज. चहा पायरीवर ठेवतात आणि जातात. काल मी मुद्दाम कप फोडला, वाटलं निदान ओरडतील. झाडू आणला, काचा भरल्या, दुसरा कप ठेवला. चारच दिवस झालेत जावईबापू, आणि मी ह्या पान्यांशी बोलायला लागलोय. रात्री उशाशी बसून मुद्दाम खोकतो. आणि तिनं सात महिने काढले आणि वर तुमचं ताट वाढलं. मला तुमचा वीट आलाय. माझाही आलाय, पण तुमचा आधी.

थांबा. थांबा — लागतंय. उचला, अजून एक बोट, आता ढकला, हळू, नुसतं इंजिनाकडं — गेला. ऐकलंत? बसला. धरून ठेवा, वरचे दोन बोल्ट हातानं लावतो… एक… दुसरा. सोडा. सोडा हो, पडत नाही आता. या बाहेर. सावकाश, कपाळ आपटेल. हे फडकं घ्या. आता बाकीचं माझं मी करीन.

काय म्हणालात?

परत म्हणा. नाही, म्हणा, मला नीट ऐकू द्या. 'मी तिच्यावर कधी हात उगारला नाही.' हो. अगदी हेच. ह्याच सुरात. गुरुवारी इथंच उभं राहून मी तिला हेच म्हणालो — मारत तर नाही ना नवरा? बोलत नाही एवढंच ना? मग जा की आपल्या घरी, इथं माझ्या डोक्यावर कशाला उभी राहतेस. प्लेट मी उलटी लावली म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. मला तेव्हा ते बोलणं व्यवहाराचं वाटलं होतं. आत्ता तुमच्या तोंडून ऐकलं.

वर कशाला बघताय? ती नाही वर. गेली, त्याच दिवशी, तीच बॅग घेऊन. तुमच्याकडं नाही आली, ते दिसतंच आहे. खोली घेतलीय कुठंतरी. कुठं ते तिच्या आईला ठाऊक आहे, आणि ती मला सांगत नाही, आणि बरोबर करते. हो, मला माहीत होतं तुम्ही आलात तेव्हा. सांगितलं असतं तर तुम्ही लगेच गेला असता आणि माझा गिअरबॉक्स खालीच राहिला असता.

नका. आता काही बोलू नका. मला सांगून काय करता, सात महिने ती समोर बसली होती. निघा.